अंबडच्या वर्कशॉपात मॅनेज्ड स्विच: मॅक टेबल हाताने भरल्यावरचे आठ महिने

अंबड एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे, जानेवारीत नेटवर्कच्या केबल जोडायचा जुना साधा स्विच काढून २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच (ज्याच्या सेटिंग आपण बदलू शकतो असा) टाकला, आता आठ महिने रोज वापरून झालेत म्हणून लिहितोय. बाकी फीचर्सबद्दल नाही बोलत, फक्त मॅक टेबलबद्दल, म्हणजे कुठल्या उपकरणाचा मॅक (हार्डवेअरचा पत्ता) कुठल्या पोर्टावर आहे ही स्विचची यादी, कारण आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

झालं असं की असेंब्लीच्या भिंतीवर प्रॉडक्शनचा आकडा दाखवणारा बोर्ड आहे, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) त्याला सतत यूडीपीने, म्हणजे पोच न मागता, डेटा पाठवतो आणि बोर्ड उलट काहीच पाठवत नाही. आता स्विच शिकतो कसा, तर फ्रेम (डेटाचं पाकीट) ज्या पोर्टातून आत येते त्या पोर्टासमोर पाठवणाऱ्याचा मॅक लिहून घेतो, आणि बहुतेक स्विचमध्ये एजिंग टाइम डिफॉल्ट ३०० सेकंद असतो, म्हणजे पाच मिनिटं कोणी गप्प बसलं की त्याचं नाव खोडलं. आमचा पीएलसी एकदा एआरपी केला (आयपीवरून मॅक विचारून घेतला) की तासन्‌तास परत विचारत नाही, मग बोर्ड बोलणार कधी आणि स्विच शिकणार कधी? पत्ता माहीत नाही म्हटल्यावर सगळा डेटा त्या व्हीलॅनच्या (स्विचमध्ये वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कच्या) प्रत्येक पोर्टावर. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रॅकसमोर उभा राहिलो तर ऑफिसमधले चालू राहिलेले पीसी, प्रिंटर, सगळ्यांचे दिवे एकाच तालात लुकलुकत होते, काम कोणीच करत नव्हतं. बोर्डाची स्टॅटिक एन्ट्री, म्हणजे हाताने लिहिलेली, वेळ गेली म्हणून न खोडली जाणारी नोंद टाकली, मॅक, व्हीलॅन आणि पोर्ट, एका ओळीची कमांड, आणि लगेच फक्त दोनच दिवे हलत राहिले. एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल असं मी मनापासून सांगतो.

एन्ट्री टाकताना दोन गोष्टी सांभाळा. विंडोजमध्ये मॅक दोन-दोन अक्षरांत दिसतो, आमच्या स्विचला चार-चारचे तीन गट लागतात, कॉपी-पेस्ट केलं तर एरर येते. आणि व्हीलॅन बरोबर द्या, कारण टेबल व्हीलॅननुसार चालतं, मी पहिल्यांदा १ टाकला, पोर्ट होतं २० मध्ये, अर्धा दिवस फरकच पडेना.

जुलैत मात्र चांगलाच फटका बसला. पावसात छत गळायला लागलं म्हणून वायरमन काकांनी हजेरीच्या पंचिंग मशीनची केबल ७ नंबरवरून ११ वर लावली, त्यांचं काहीच चुकलं नाही, साध्या स्विचवर हे चालायचंच. पण स्टॅटिक एन्ट्री आपोआप हलत नाही, स्विच मशीनकडे जाणारा डेटा ७ वरच पाठवत राहिला. सकाळी आठला गेटवर रांग, लिंकचा दिवा हिरवा, आयपी बरोबर, पिंग मात्र जाईना. मी केबल बदलली, मशीन दोनदा रीस्टार्ट केलं, मग टेबल काढून बघितल्यावर ७ दिसला. कामगारांची हजेरी त्या दिवशी वहीत घ्यावी लागली आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून स्टॅटिक पोर्टातल्या प्रत्येक केबलला लाल टॅग आहे, रॅकच्या दारावर वही टांगलीय, हलवायच्या आधी फोन करायचा.

सेव्ह विसरू नका हेही सांगतो, लाइट जाऊन आली की सेव्ह न केलेल्या एन्ट्र्या गेल्या.

ब्लॅकहोल एन्ट्रीही वापरून बघितली, म्हणजे त्या मॅकच्या फ्रेम स्विच टाकूनच देतो. एक बिघडलेलं जुनं लेबल प्रिंटर नेटवर्कवर कचरा ओतत होतं, नवीन येईपर्यंत त्याला असंच गप्प ठेवलं, छान काम झालं. पण मोबाइल अडवायला याचा उपयोग नाही, हल्लीचे फोन वायफायवर मॅक बदलून येतात. आणि मॅक तर कोणीही नकली लावू शकतो, त्यामुळे याला सिक्युरिटी समजू नका.

सुरुवातीला हौसेने ३० एन्ट्र्या टाकल्या होत्या, आता ९ ठेवल्यात, जे भिंतीला किंवा मशीनला बोल्ट मारून बसवलंय तेवढंच. लॅपटॉप, टेबलावरचे पीसी सगळे परत डायनॅमिक केले, म्हणजे त्यांचे पत्ते स्विचने स्वतःच शिकायचे.