टेबलावरचा स्टिकर आणि सहा आकडे

आधीच सांगते, या बाबतीत मी अगदीच भोळी नाही. ‘ओटीपी कुणालाही द्यायचा नाही’ हे सासूबाईंना मी स्वतः दहादा बजावलंय. तरीही थीम पार्कमधल्या रेस्टॉरंटमध्ये बसून मी तो माझ्याच हाताने टाइप करून दिला.

मुलीच्या वाढदिवसाला नणंदेने त्या पार्कचं गिफ्ट कार्ड दिलं होतं. दुपारी सगळे भुकेने कावलेले, काउंटरची रांग दारापर्यंत आलेली. कसंबसं एक टेबल मिळालं. टेबलाच्या कोपऱ्यात क्यूआर कोडचा स्टिकर होता, त्यावर पार्कचा लोगो आणि खाली ‘रांग टाळा, इथूनच ऑर्डर करा, गिफ्ट कार्ड चालेल’. पार्कचं ॲप मी घेतलं नव्हतं, कारण तिथल्या गर्दीत नेटवर्क रडतखडत चालत होतं. म्हटलं, बरं झालं, ॲपशिवाय काम होतंय.

पान उघडलं ते हुबेहूब. मेनू होता, फोटो होते. शेवटी कार्डाचा नंबर आणि चांदीच्या पट्टीखालचा पिन मागितला. मी नाण्याने पट्टी खरवडली आणि दोन्ही भरलं. मग ‘शिल्लक कमी आहे, उरलेली रक्कम मोबाइल पेमेंटने भरा’ असं आलं. त्यात बँकेच्या कार्डाचा तपशील भरला. फोनवर मेसेज आला, त्यातले सहा आकडे टाकले. चक्र फिरत राहिलं आणि शेवटी ‘व्यवहार अयशस्वी, काउंटरवर संपर्क साधा’.

तो मेसेज अजून माझ्याकडे आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की हा कोड तुमचं कार्ड मोबाइल वॉलेटमध्ये, म्हणजे कार्डाऐवजी फोननेच पैसे भरायच्या ॲपमध्ये, जोडण्यासाठी आहे. पैसे भरण्याचा त्यात उल्लेखच नाही. मी आकडे तेवढे वाचले, आजूबाजूची वाक्यं नाही.

पलीकडे कुणीतरी त्याच मिनिटाला माझं कार्ड स्वतःच्या फोनमध्ये जोडत होतं. हे कोड थोड्याच मिनिटांत बाद होतात, म्हणून अशी बनावट पानं बहुतेक वेळा मागे कुणी जागं असतानाच चालतात. एकदा कार्ड जोडलं गेलं की पुढे दुकानातल्या यंत्रावर फोन टॅप करताना बहुतेक वेळा ओटीपी लागत नाही, फोनच्या मालकाचा चेहरा किंवा बोट पुरतं. चेहरा चोराचा, फोनही चोराचा, पैसे तेवढे माझे.

काउंटरवरच्या मुलाने गिफ्ट कार्ड स्वाइप केलं आणि म्हणाला, ‘ताई, यात शून्य आहे.’ मग विचारलं, ‘पट्टी आधीच खरवडलेली होती का?’ असंही घडतं म्हणे. दुकानात टांगलेल्या कार्डांचे नंबर आणि पिन उतरवून घेतात, वर नवी पट्टी चिकटवतात आणि कुणी पैसे भरले की लगेच उपसतात. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने तर २०२४ मध्ये गिफ्ट कार्डांना सुरक्षित वेष्टनाची सक्ती करणारा कायदाच केला. पण माझी पट्टी शाबूत होती. मी टेबलावरच्या कोडचं सांगितलं तेव्हा तो दोन क्षण गप्प झाला. त्यांच्या मोबाइल ऑर्डरमध्ये गिफ्ट कार्ड चालतच नव्हतं. ते फक्त काउंटरवर, तेही पार्कच्या स्वतःच्या रेस्टॉरंटमध्ये. बाहेरच्यांना चालवायला दिलेल्या स्टॉलवर तर तेही नाही. बसण्याआधी एवढं विचारलं असतं, तर तो स्टिकर वाचतानाच शंका आली असती.

त्याने टेबलाशी येऊन नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दुसरा कोड होता, जरा फिकट, तेलकट. तो खरा.

क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवला. यंत्राने वाचायची ती खूण, माणसाच्या डोळ्याला एक कोड दुसऱ्यासारखाच दिसतो. पानाचा पत्ता मात्र वाचता येतो. मी नंतर पाहिला, तर पार्कच्या नावाला एक जादा शब्द चिकटवलेला होता.

खरी चूक यानंतरची. गिफ्ट कार्ड गेलं एवढंच मला वाटलं. बँकेचा व्यवहार ‘अयशस्वी’ झाला होता ना! मुलं हटून बसली होती, म्हणून राइडला गेलो आणि फोन लॉकरमध्ये ठेवला. बाहेर आले तर बँकेचे तीन मेसेज, तिन्ही टॅपचे, मी कधी पाऊल न ठेवलेल्या दुकानांतले.

कार्ड लगेच बंद केलं. बँकेचं म्हणणं, कोड तुम्हीच दिलात. तक्रार लिहून घेतली, पण सूर तोच. गिफ्ट कार्डाच्या तक्रारीसाठी पार्कने खरेदीची पावती मागितली. आता भेटवस्तूची पावती नणंदेकडे कोणत्या तोंडाने मागायची? शेवटी मागितली. तिने ती जपून ठेवली होती, देव तिचं भलं करो. पार्कने अर्धी रक्कम नव्या कार्डावर दिली, ‘सदिच्छा म्हणून’.

नवीन बँक कार्ड आलं आणि आठ दिवसांनी पुन्हा टॅपचा मेसेज. नंबर नवा, फोन माझ्या हातात! वॉलेटमध्ये खऱ्या नंबराऐवजी एक टोकन असतं आणि कार्ड बदललं तरी काही वेळा ते टोकन आपोआप नव्या कार्डाला जोडलं जातं. हे मला बँकेने पहिल्या फोनवर सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं, ‘माझं कार्ड कोणकोणत्या फोनमध्ये जोडलेलं आहे ते वाचून दाखवा.’

बँकेतल्या बाईंनी दोन फोन वाचले. पहिला माझा. दुसरा ज्या मॉडेलचा होता, तसा फोन आमच्या घरात कधी कुणाकडे नव्हता. तो काढून टाकायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही.