पिल्लू चावतंय: खेळणं द्यायचं की उठून जायचं?
आमचं कुत्र्याचं पिल्लू चार महिन्यांचं, दात सुईसारखे, पायजम्याची नाडी दिसली की संपलंच. खेळणं तोंडात देणं सोपं, कारण या वयात दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के यायला लागतात, हिरड्या शिवशिवतात, मग चावायला काहीतरी लागतंच; ओला टॉवेल पिळून फ्रीजरमध्ये ठेवलेला आमच्याकडे सगळ्यात जास्त चालला (समोर बसूनच द्या, धागे गिळतात). पण मस्तीत आलं की खेळण्याकडे बघतही नाही, तेव्हा मी गपचूप उठते आणि २०-३० सेकंद दाराआड. ओरडायचं नाही, त्याला तोही खेळच वाटतो. मात्र हे घरातल्या सगळ्यांनी करायला हवं, आमचे बाबा अजून हातानेच खेळवतात, मग काय! आणि रात्रीचा चावरेपणा बऱ्याचदा झोपेचा असतो, तिथे दोन्ही फेल, सरळ झोपवा.