डॉइचलांड-तिकीट: हांबुर्गमधून अडीच वर्षे केलेल्या शनिवार-रविवारच्या प्रवासानंतर

महिन्याला ६३ युरो भरून जर्मनीभरातील प्रादेशिक रेल्वेगाड्या, शहरांतील लोकल, मेट्रो, ट्राम आणि बस यांतून हवा तितका प्रवास करू देणारे डॉइचलांड-तिकीट घ्यावे की नाही, असे इथे शिकायला किंवा पहिल्या नोकरीसाठी येणारी मराठी मुले-मुली मला वरचेवर विचारतात. मी मूळची गुहागरची. २०२३ च्या शरद ऋतूत हांबुर्गच्या हारबुर्ग भागात पदव्युत्तर शिक्षणासाठी आले आणि आता तिथेच नोकरी करते. हिवाळा सोडला तर या काळातील माझा जवळजवळ प्रत्येक रिकामा शनिवार-रविवार मी या तिकिटावर घालवला आहे. ज्याला घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरातील मुलूख मनापासून पाहायचा आहे, त्याने हे तिकीट अवश्य घ्यावे. ज्याला एका वर्षात सगळा युरोप उरकायचा आहे, त्याला त्याचा फारसा उपयोग होणार नाही, असे माझे मत झाले आहे.

२०२२ च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत महागाईवर उतारा म्हणून सरकारने ९ युरोंचे मासिक तिकीट काढले होते. त्याला अफाट प्रतिसाद मिळाला आणि त्यातूनच १ मे २०२३ पासून ४९ युरोंचे डॉइचलांड-तिकीट सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्याची किंमत ५८ युरो झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये ६३. विद्यापीठाच्या सत्रशुल्कातून मिळणारे विद्यार्थ्यांचे तिकीट मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत पडते, त्यामुळे विद्यार्थ्यांनी फार विचार करण्याचे कारण नाही. नोकरी करणाऱ्यांनी मात्र आपल्या कंपनीत आधी चौकशी करावी, कारण कंपनीने किमान २५ टक्के भार उचलला तर आणखी ५ टक्के सवलत मिळते. तीन वर्षांत १४ युरोंची वाढ मला खटकते. ज्या तरुण माणसाचा पगार नुकताच सुरू झाला आहे आणि खोलीचे भाडे देतानाच ज्याचा जीव मेटाकुटीला येतो, त्याच्यासाठी ही वाढ किरकोळ नाही, हे ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

हे तिकीट आयसीई, आयसी यांसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चालत नाही, प्रादेशिक गाडी कितीही उशिरा आली तरी चालत नाही. म्हणून प्रवासाचे ॲप उघडल्यावर केवळ प्रादेशिक गाड्या दाखवण्याचा पर्याय आधी निवडावा. तिकीट तुमच्या नावाचे असते, ते दुसऱ्याला वापरता येत नाही आणि सोबत ओळखपत्र लागते. ते मासिक वर्गणीच्या स्वरूपात मिळते आणि चालू महिन्याच्या अखेरीस बंद करायचे असेल तर १० तारखेपर्यंत कळवावे लागते. माझ्या खोलीतील मैत्रिणीने एकदा १२ तारखेला वर्गणी रद्द केली आणि पुढच्या महिन्याचे पैसे तिच्या खात्यातून गेलेच. तपासनीस आल्यावर फोनची बॅटरी संपलेली असणे हाही महागात पडणारा प्रकार आहे, कारण तिकीट दाखवता आले नाही तर ६० युरोंची आकारणी होते; मी प्रवासात जास्तीची बॅटरी नेहमी जवळ बाळगते.

पैशांच्या हिशेबापेक्षा मला या तिकिटाची जी बाजू अधिक मोलाची वाटते ती अशी, की जायचे की नाही हे शनिवारी सकाळी खिडकीबाहेर पाहून ठरवता येते. इथले हवामान आठवडाभर आधी ठरवलेल्या बेतांची पर्वा करत नाही, आणि वेगवान गाड्यांची स्वस्त तिकिटे मात्र आठवडे आधी आणि एका ठरावीक गाडीसाठीच काढावी लागतात. नव्या देशातल्या पहिल्या काही महिन्यांत, जेव्हा शुक्रवारी संध्याकाळी खोलीचे दार लावल्यावर सोमवारपर्यंत कोणाशी चार शब्द बोलणे होईल याची खात्री नसते, तेव्हा उठून, डबा भरून, कोणतीही जुळवाजुळव न करता गाडीत जाऊन बसता येणे हा मोठा आधार असतो. मी त्या दिवसांत त्यावर तरले.

माझा सर्वांत आवडता प्रवास हारबुर्गहून कुक्सहाफेनचा. एल्ब नदी जिथे उत्तर समुद्राला मिळते तिथले हे गाव. प्रादेशिक गाडीने दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. वाटेत डाव्या-उजव्या बाजूंना सपाट कुरणे दिसतात, श्टाडे हे जुन्या लाकडी चौकटींच्या घरांचे गाव लागते, आणि नदी व रेल्वेमार्ग यांच्या मधल्या अल्टेस लांड या पट्ट्यात सफरचंदांच्या बागा पसरलेल्या आहेत. कुक्सहाफेन स्थानकाबाहेरून डुनेनच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या बसलाही हेच तिकीट चालते. तिथे भरती-ओहोटीतील फरक सुमारे ३ मीटरचा असतो आणि जमीन इतकी सपाट आहे की ओहोटीला समुद्र नजरेआड होतो. पहिल्यांदा गेले तेव्हा बूट हातात घेऊन त्या गार चिखलात उतरले आणि पायांखाली पाहिले, तर जिकडेतिकडे वाळूच्या बारीक वेटोळ्या पडलेल्या होत्या, सोऱ्यातून शेव पाडावी तशा. चिखलात बिळे करून राहणारा एक किडा वाळू गिळून, तिच्यातले अन्न घेऊन, उरलेली वाळू अशी वर टाकतो. मी एक वेटोळी बोटाने उचलायला गेले तर ती लगेच विरून गेली.

वाटेनमेअर नावाचा हा ओहोटीचा प्रदेश २००९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि त्याचा हांबुर्गच्या अखत्यारीतील भाग २०११ मध्ये त्यात घेतला गेला. याच भागात नॉयवेर्क हे छोटे बेट आहे. त्यावरचा विटांचा बुरूज चौदाव्या शतकाच्या आरंभीचा असून ओहोटीत किनाऱ्यापासून तिथवर समुद्रतळावरून साधारण १० किलोमीटर चालत किंवा घोडागाडीने जाता येते. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे लहानपणीच शिकवतात. उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (लहान भरती) कधी हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण प्रत्येक किनाऱ्याचे गणित वेगळे असते, त्यामुळे तो हिशेब इथे वापरण्याचा मोह कोणी करू नये. छापील वेळापत्रक पाहावे आणि बेटापर्यंत जायचे असेल तर वाटाड्याबरोबरच जावे. वाटेत उंच खांबांवर जे सुटकेचे पिंजरे उभारले आहेत, ते पाणी वेढते तेव्हा जीव वाचवण्यासाठीच आहेत.

रेन्ड्सबुर्गला मी एका चुकीनंतर दुसऱ्या खेपेस पोहोचले. हांबुर्गहून फ्लेन्सबुर्गकडे जाणारी गाडी नॉयम्युन्स्टर स्थानकात दोन भागांत विभागली जाते. एक भाग कीलकडे जातो, दुसरा रेन्ड्सबुर्गमार्गे फ्लेन्सबुर्गला. फलाटावर आणि डब्यातल्या फलकावर हे लिहिलेले असते, घोषणाही होते, पण तेव्हा माझे जर्मन कच्चे होते आणि मी सरळ कीलला गेले. नव्याने येणाऱ्यांनी गाडीत शिरण्यापूर्वी आपल्या डब्यावरचे गंतव्य वाचावे. रेन्ड्सबुर्गचा १९१३ मधला लोखंडी पूल मात्र पुन्हा-पुन्हा जाऊन पाहावा असा आहे. खालून मोठी जहाजे जाता यावीत म्हणून तो कील कालव्याच्या पाण्यावर ४२ मीटर मोकळी उंची सोडून बांधला आहे. स्थानक मात्र खाली गावात असल्याने, गाडी पूल ओलांडल्यावर गावावरून एक पूर्ण वळसा घेत उतरते आणि आपल्याच पुलाखालून स्थानकात शिरते. पुलाला दोरखंडांनी टांगलेली एक फेरी माणसांना आणि मोजक्या मोटारींना पाण्यापासून थोड्या उंचीवरून पलीकडे नेते, आणि तिला पैसे पडत नाहीत. मी त्या काठावर दोन तास बसून होते.

ज्या रविवारी लांब जायचा कंटाळा येतो त्या दिवशी हांबुर्गच्या लांडुंग्सब्र्युकेन धक्क्यावरून ६२ क्रमांकाची बोट पकडावी. ही पर्यटकांची सफर नसून शहराच्या सार्वजनिक वाहतुकीतली बोट आहे, म्हणून तिलाही हे तिकीट चालते. अर्ध्या तासात ती कंटेनरने भरलेल्या जहाजांच्या शेजारून फिंकेनवेर्डरला पोहोचते. वरच्या मोकळ्या मजल्यावर वारा अंगावर घेत उभे राहिले की मला दर खेपेला दाभोळ-धोपावे फेरीबोट आठवते. ल्यूबेक शहराबद्दल सगळेच सांगतात, त्यामुळे मी इतकेच म्हणेन की तिथून पुढे ट्राफेम्युंडेच्या किनाऱ्यावर जावे. बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, आणि कुक्सहाफेन पाहून आलेल्या माणसाला तो स्थिर किनारा फार वेगळा भासतो.

लांबच्या प्रवासाला मात्र हे तिकीट फसवी बचत आहे. गेल्या वर्षी गणपतीसाठी मी म्युनिकच्या मैत्रिणीकडे केवळ प्रादेशिक गाड्यांनी निघाले. पाच वेळा गाडी बदलली, एक जोडगाडी चुकली, आणि पहाटे निघूनही पोहोचले तेव्हा रात्रीची आरती होऊन प्रसाद वाटून झाला होता. त्या दिवसापासून चार तासांहून लांबच्या प्रवासाला मी आधी काढलेले वेगवान गाडीचे तिकीट वापरते. उशीर आणि रद्द होणाऱ्या गाड्या हे इथले रोजचे दुखणे आहे. एका रविवारी रात्री आडबाजूच्या स्थानकावर शेवटच्या आधीची गाडी रद्द झाली आणि थंडीत दीड तास थांबावे लागले. प्रतीक्षागृह बंद होते, जवळ कोणी कर्मचारी नव्हता. तासाभराच्या उशिरासाठी या तिकिटावर दीड युरो भरपाई मिळते, आणि अशी भरपाई साठून ४ युरोंच्या वर गेल्याशिवाय हातात पडत नाही. एकट्या मुलींना माझे कळकळीचे सांगणे आहे की परतीसाठी शेवटची गाडी कधीच धरू नये, आपली गाडी चुकली तरी आणखी दोन गाड्या हाताशी राहतील इतक्या लवकर निघावे. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शिदोरी घरूनच न्यावी. माझ्या पाठपिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचे ठरलेले असते.

आई-वडील भेटीला येतात तेव्हाचा हिशेब वेगळा करावा. दोन-तीन दिवसांच्या सहलींसाठी प्रत्येकाची मासिक वर्गणी घेण्यापेक्षा पाच जणांपर्यंत एकत्र वापरता येणारे एका राज्याचे दिवसाचे तिकीट बहुतेक वेळा स्वस्त पडते, आणि शनिवार-रविवारी ते सकाळी नऊनंतरच वापरण्याचे बंधनही नसते.

मी कार्यालयात सायकलने जात असल्याने हिवाळ्यात तिकीट बंद ठेवते. डिसेंबरात हांबुर्गमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कुक्सहाफेनला पोहोचेपर्यंत परतायची वेळ होते. नोव्हेंबरच्या १० तारखेपूर्वी वर्गणी रद्द करायची आणि मार्चपासून पुन्हा सुरू करायची, असे मी ठरवून टाकले आहे. त्यातून वाचणाऱ्या १८९ युरोंत वेगवान गाडीने म्युनिकला गणपतीच्या आदल्या दिवशीच पोहोचता येईल.