केकसाठी रम घ्यायचीय? आमच्या चौकातलं वाईन शॉप: ३/५

नाताळच्या केकसाठी सुकामेवा रममध्ये भिजवायला मी दरवर्षी इथूनच बाटली नेते. माल चोख, सील नीट तपासून देतात. बायकांसाठी वेगळी रांग नाही, पण कुणी टकमक बघत नाही, हेही नसे थोडके.

यंदा काउंटरवरच्या पोराने परवाना विचारला, तेव्हा बरं वाटलं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने महाराष्ट्रात दारू विकत घ्यायलाही परवाना लागतो, हे निम्म्या गिऱ्हाइकांच्या गावी नसतं. एक दिवसाचा परवाना ५ रुपयांत दुकानातच मिळतो. पण त्याने चिठ्ठी फाडली, नावाची जागा कोरी ठेवली आणि गल्ल्यात टाकली! "अहो, माझं नाव?" म्हटलं, तर "मॅडम, राहू द्या हो." मग परवाना नक्की कोणाचा? रमला वयाची अट २५ वर्षांची. माझे केस पिकलेत म्हणून ठीक, पण माझ्या मागच्या मिसरूडवाल्यालाही कोणी वय विचारलं नाही.

दोन गुण कापले, त्यातला एक याचा. दुसरा थंड बिअरचा: छापील किमतीवर वरचे पैसे 'कूलिंग'चे म्हणून घेतात, आणि बिल मागितलं की मशीन बंद असतं. भिंतीवर लायसन्स फ्रेम करून लावलंय, शेजारी उत्पादन शुल्क खात्याचा तक्रारीचा नंबरही आहे. मात्र त्याच्यासमोर सोड्याचे क्रेट रचलेत. मी ते सरकवायला लावले आणि फोटो काढला.