काफ्का स्ट्रीम्स की फ्लिंक: प्रश्न भार वाटण्याचा असेल तेव्हा

काफ्का स्ट्रीम्स आणि फ्लिंक ही सतत येत राहणाऱ्या नोंदींवर लगोलग प्रक्रिया करणारी साधनं. दोन्ही मी रोजच्या कामात वापरली आहेत आणि दोन्ही भरवशाची आहेत. वेग, विंडो, एक्झॅक्टली-वन्स वगैरे तुमचं वाचून झालं असेल, म्हणून ते सोडतो. इथे एकच प्रश्न घेतो: ट्रॅफिक वाढल्यावर काम सगळ्या मशीनवर नीट वाटलं जातं का, आणि ती वाटणी नंतर बदलता येते का?

काफ्का स्ट्रीम्सची जमेची बाजू मोठी आहे. ती लायब्ररी असल्यामुळे वेगळं क्लस्टर (मशीनचा समूह) सांभाळावं लागत नाही. भार वाढला की आणखी एक इन्स्टन्स (प्रोग्रामची आणखी एक प्रत) सुरू करायचा, टास्क म्हणजे कामाचे तुकडे आपोआप सरकतात. पूर्वी अशा रीबॅलन्समध्ये (फेरवाटणीत) सगळा ग्रुप थांबायचा. काफ्काच्या २.४ आवृत्तीपासून फक्त जागा बदलणाऱ्या टास्कना थांबावं लागतं. २.६ पासून तर नवा इन्स्टन्स आधी चेंजलॉग (बदलांची नोंदवही) वाचून स्टेट, म्हणजे आजवरचा साठवलेला हिशेब, उभी करतो आणि लॅग (मागे राहिलेलं अंतर) १०,००० नोंदींच्या आत आल्यावरच टास्क त्याच्याकडे जातो. फ्लिंकमध्ये पॅरललिझम (एकाच वेळी किती तुकड्यांत काम चालतं तो आकडा) बदलायचं तर बहुधा सेव्हपॉइंट (स्टेटची मुद्दाम काढलेली प्रत) घेऊन जॉब थांबवावा लागतो. फ्लिंक १.१३ मधल्या रिअ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये हे आपोआप होतं, पण जॉब शेवटच्या चेकपॉइंटपासून (आपोआप जतन झालेल्या प्रतीपासून) पुन्हा उठतोच. एवढ्या बाबतीत मला आजही काफ्का स्ट्रीम्स उजवं वाटतं.

तरीही माझं पारडं झुकलं ते पार्टिशनमुळे. काफ्का स्ट्रीम्समध्ये किती टास्क होणार हे इनपुट टॉपिकच्या (नोंदींच्या प्रवाहाच्या) पार्टिशनवर, म्हणजे त्याच्या भागांवर ठरतं. पार्टिशन १२ आणि इन्स्टन्स ५ असतील, तर दोघांवर तीन-तीन टास्क आणि तिघांवर दोन-दोन. तेरावा थ्रेड लावलात तर तो रिकामा बसतो. बरं, पार्टिशन वाढवावीत म्हटलं, तर की (नोंद कोणाची हे सांगणारी खूण, जसा ग्राहक क्रमांक) कुठे जाणार तेच बदलतं. कालपर्यंत चौथ्या पार्टिशनवर येणारा ग्राहक आज सतराव्यावर येतो आणि त्याची आजवरची बेरीज चौथ्याच्याच स्टोअरमध्ये राहते. आमच्याकडे नोंदी वाचणं हलकं होतं, जड होतं ते पुढचं अ‍ॅग्रिगेशन, म्हणजे बेरजा करणं. तेवढ्यासाठी नवा टॉपिक काढा, जुना डेटा पुन्हा चालवा, त्या टॉपिकवर अवलंबून असलेल्या प्रत्येक टीमशी तारखा जुळवा. हे दर वाढीला करणं मला पटेना. २.६ मध्ये आलेल्या रिपार्टिशन ऑपरेटरनं मधल्या टॉपिकला हवी तितकी पार्टिशन देता येतात, हे खरं. पण मग प्रत्येक नोंदीला ब्रोकरची (काफ्काच्या सर्व्हरची) एक जादा फेरी पडते आणि स्टेट साठू लागली की तो आकडाही पक्का होऊन बसतो.

फ्लिंकमध्ये स्टेट की-ग्रुपमध्ये (कीच्या गटांमध्ये) विभागलेली असते, टॉपिकच्या पार्टिशनशी तिचा संबंध नसतो. वाचायला १२ सबटास्क (समांतर चालणारे तुकडे), अ‍ॅग्रिगेशनला ४८, असं सरळ लिहिता येतं. पुढे ४८ चे ६० करताना टॉपिकवाल्या टीमला विचारावं लागत नाही. शिवाय बॅकप्रेशर (पुढचा टप्पा मंद पडल्यानं मागे साचणारा ताण) कुठून सुरू होतंय आणि कोणता सबटास्क सतत बिझी आहे, हे फ्लिंकच्या स्क्रीनवरच दिसतं. माझ्या अनुभवात शोधाशोधीचा निम्मा वेळ तिथेच वाचतो.

हॉट कीपुढे, म्हणजे एकाच कीवर फार नोंदी येत असतील तर, मात्र दोघंही सारखेच. एका बड्या विक्रेत्याच्याच ऑर्डर धो धो येत असतील तर कितीही सबटास्क द्या, ती की एकावरच पडणार. कीला सॉल्ट (जादा शेपूट जोडून तिचे तुकडे करणं) लावून दोन टप्प्यांत बेरीज करणं हाच उपाय. फ्लिंक एसक्यूएलमध्ये मिनी-बॅच (नोंदी छोट्या गठ्ठ्यांत घेणं) चालू केल्यास दोन टप्प्यांचं अ‍ॅग्रिगेशन तयार मिळतं, एरवी ते हातानं लिहावं लागतं.

स्टेट लहान असेल, टॉपिक तुमच्याच ताब्यात असेल आणि क्लस्टर सांभाळायला माणूस नसेल, तर काफ्का स्ट्रीम्स घ्यायला माझी हरकत नाही. बाकी बहुतेकांना मी फ्लिंक सुचवेन. ते घेतलंत तर मॅक्स पॅरललिझम (एकूण की-ग्रुपची संख्या) पहिल्या डिप्लॉयमेंटलाच स्वतः ठरवा, कारण नंतर ते बदललं तर जुन्या स्टेटवरून जॉब उठत नाही. काही लिहिलं नाही तर लहान जॉबला १२८ धरलं जातं. ते ५० सबटास्कमध्ये वाटलं की काहींच्या वाट्याला तीन की-ग्रुप येतात, काहींच्या दोन, म्हणजे थेट दीडपट फरक. मी ७२० ठेवतो, त्याला ३६, ४८ आणि ६० या तिन्हींनी पूर्ण भाग जातो.