चेस की सूएल? पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर घ्यावा का

चेंडू फेकून आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक तरुण आहे, गुणी आहे, पण त्याला वाचवणारी त्याच्यापुढची फळी कच्ची आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, वरचा क्रमांक हाती आलाय आणि समोर दोन पोरं उभी आहेत. एक हवेतला चेंडू झेलून पळणारा वाइड रिसीव्हर, दुसरा क्वार्टरबॅकच्या अंगावर येणाऱ्याला रोखून धरणारा टॅकल. घ्यायचं कुणाला? एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, पाहणाऱ्यांमध्ये दर एप्रिलला हा वाद पेटतो. तुमचा संघ यंदा पहिल्याच फेरीत नवखा वाइड रिसीव्हर घेणार असेल आणि त्याचं स्वागत करावं की धसका घ्यावा हे तुम्हाला ठरवता येत नसेल, तर सिनसिनाटी बेंगल्सची २०२१ ची निवड उलगडून पाहा. या प्रश्नाची इतकी स्वच्छ कसोटी माझ्या पाहण्यात दुसरी नाही, कारण जामार चेस आणि पेनेई सूएल ही दोन्ही पोरं एकाच ड्राफ्टमधली होती आणि दोघंही पुढे आपापल्या जागी अव्वल ठरले.

बेंगल्सनी २०२० मध्ये पहिल्या क्रमांकावर जो बरोला घेतलं होतं. दहा सामन्यांत तो ३२ वेळा चेंडूसकट खाली पाडला गेला. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध त्याच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले आणि त्याचा मोसम तिथेच संपला. संघ ४ विजय, ११ पराभव आणि एका बरोबरीवर थांबला, म्हणून पाचवा क्रमांक मिळाला. बरोला आता तळहाताच्या फोडासारखं जपा आणि टॅकल घ्या, असं त्या वेळी बहुतेकांचं म्हणणं होतं. माझंही तेच होतं.

तो टॅकल म्हणजे ओरेगन विद्यापीठाचा पेनेई सूएल. मूळचा अमेरिकन सामोआचा, वजन दीडशे किलोच्या घरात, आणि तरीही पाय नाचणाऱ्याचे. २०१९ मध्ये फळीतल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी आउटलँड ट्रॉफी त्याने जिंकली होती. दुसरा होता एलएसयूचा, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा, जामार चेस. २०१९ मध्ये ८४ झेल, १,७८० यार्ड, चेंडू शेवटच्या रेषेपार नेणारे २० टचडाउन, आणि रिसीव्हरसाठीचं बिलेटनिकॉफ पारितोषिक. कोविडमुळे दोघंही २०२० मध्ये मैदानात उतरले नाहीत. म्हणजे दोघांचाही पुरावा वर्षभर जुना होता.

फरक एकच होता आणि माझ्या मते सगळा निकाल त्यातच आहे. चेसचे ते ८४ झेल बरोनेच फेकलेल्या चेंडूंवर होते. एलएसयूचा तो संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकला तेव्हा चेंडू फेकणारा बरो होता आणि झेलणारा चेस. क्रिकेटमध्ये जुनी जोडी हाक न मारता एकेरी धाव चोरते ना, तसंच हे. बचावपटू अंगाला चिकटलेला असताना चेंडू नेमका कुठल्या खांद्यावर पडणार, हे दोघांना आधीच ठाऊक असतं. बाकी संघांना नवख्या रिसीव्हरबाबत अंदाज बांधावा लागतो. बेंगल्सकडे तयार पुरावा होता.

हा पुरावा नसला की काय होतं, ते याच संघाने आधी भोगलेलं आहे. २०१७ मध्ये त्यांनी नवव्या क्रमांकावर जॉन रॉसला घेतलं. चाळीस यार्ड ४.२२ सेकंदांत धावून त्याने तेव्हाचा विक्रम केला होता. पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. म्हणून रिसीव्हर पाहताना घड्याळाकडे कमी आणि गर्दीत चेंडू कोण हिसकावतो याकडे जास्त पाहावं.

चेसची सुरुवातही धड नव्हती. ऑगस्टच्या सराव सामन्यांत त्याच्या हातून सोपे चेंडू सुटले. कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, इथल्या चेंडूवर ते नाहीत, त्यामुळे तो नीट दिसत नाही, असं त्याने सांगितलं आणि लोकांनी त्याला धारेवर धरलं. तिकडे डेट्रॉइट लायन्सनी सातव्या क्रमांकावर घेतलेला सूएलही चाचपडतच होता, कारण आयुष्यभर डावीकडे खेळलेल्या पोराला उजवीकडे उभं केलं होतं. ऑगस्टमध्ये कुणाचंच माप काढू नये. खरा मोसम लागला आणि चेसने १,४५५ यार्ड, १३ टचडाउन केले आणि आक्रमणातल्या सर्वोत्तम नवख्याचा मान मिळवला.

पण आकड्यांपेक्षा एक चेंडू सांगतो. २ जानेवारी २०२२, समोर कॅन्सस सिटी, ३१-३१ अशी बरोबरी, शेवटची काही मिनिटं. तिसरा डाऊन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, आणि अजून २७ यार्ड हवे होते. अशा वेळी संघ थोडेफार यार्ड घेतो आणि पुढचं लाथेवर सोपवतो. बरोने चेंडू उंच सोडला, बचावपटू चेसला बिलगलेलाच होता, आणि चेसने ३० यार्डांवर तो झेलला. शेवटच्या क्षणी बेंगल्सच्या मॅकफर्सनने लाथेने फील्ड गोल मारला, ३४-३१ ने सामना आणि गटविजेतेपद दोन्ही पदरात पडलं. त्या दिवशी चेसचे २६६ यार्ड झाले, नवख्या खेळाडूने एका सामन्यात कधीच केले नव्हते इतके. बिलगलेल्या बचावपटूच्या डोक्यावरून तसा चेंडू सोडायला फेकणाऱ्याचा विश्वास लागतो, आणि तो एका मोसमात तयार होत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. त्याच मोसमात बरो ५१ वेळा पाडला गेला, लीगमध्ये सर्वाधिक. टेनेसीविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात नऊ वेळा. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सात वेळा, आणि तो सामना बेंगल्स रॅम्सकडून २०-२३ असा हरले. शेवटचा डाव मला अजून जसाच्या तसा दिसतो. चौथा डाऊन, एकच यार्ड हवा. चेस रॅम्सचा बचावपटू जेलन रॅम्झीला मागे टाकून कडेने मोकळा धावतोय. बरोला मान वर करायला अजून एक क्षण मिळाला असता तर चेंडू तिकडे गेला असता. तेवढ्यात रॅम्सच्याच अॅरन डोनाल्डने त्याला धरून गरकन फिरवलं आणि चेंडू कुठेतरी भिरकावला गेला.

‘बघा, सूएल हवा होता’ असं म्हणणाऱ्यांचा हा हुकमी पुरावा. मला तो पटत नाही. डोनाल्ड हा आतल्या बाजूने घुसणारा. टेनेसीविरुद्ध तीन वेळा बरोला पाडणारा जेफरी सिमन्सही आतलाच. टॅकल उभा असतो बाहेरच्या कडेला. फळी पाच जणांची असते आणि गळती मधून होती. कोपऱ्यातला एक खांब नवा बसवून मधली भिंत सावरत नाही.

सूएलच्या बाजूचा खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो डेट्रॉइटनेच सिद्ध केला. त्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर आमोन-रा सेंट ब्राउन हा रिसीव्हर घेतला, आणि २०२३ मध्ये तो आणि सूएल दोघंही ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होते. रॅम्सना पुका नाकुआ १७७ व्या क्रमांकावर मिळाला आणि पहिल्याच वर्षी त्याने १,४८६ यार्ड केले, चेसहून जास्त. खुद्द बेंगल्सना टी हिगिन्स दुसऱ्या फेरीत मिळाला होता. चांगला रिसीव्हर खाली सापडतो. सूएलच्या अंगाचा आणि पायाचा टॅकल खाली क्वचितच उरतो. डिसेंबर २०२२ मध्ये मिनेसोटाविरुद्ध तिसऱ्या डाऊनला सात यार्ड हवे असताना लायन्सनी चक्क सूएलकडे चेंडू फेकला. त्या धिप्पाड गड्याने तो झेलला, नऊ यार्ड काढले आणि सामना खिशात घातला. २०२१ मध्ये तीन सामने जिंकलेला हा संघ २०२४ मध्ये पंधरा जिंकला. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफला उभं राहायला निवांत जागा मिळाली की तो भेदक, आणि ती जागा फळीने दिली.

पैशाचा हिशेबही पाहा. एप्रिल २०२४ मध्ये सूएलचा चार वर्षांचा नवा करार ११.२ कोटी डॉलरचा झाला. मार्च २०२५ मध्ये चेसचा, तितक्याच वर्षांचा, १६.१ कोटींचा. रिसीव्हर गाजला की पुढे तोच महाग पडतो, त्यामुळे त्याची स्वस्ताईची पहिली वर्षं वाया घालवून चालत नाही. बेंगल्सनी पहिल्याच वर्षी सुपर बोल गाठला, तेव्हा इथे त्यांना दोष देता येत नाही. मात्र २०२४ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन तिन्हींत चेस लीगमध्ये पहिला असूनही संघ बाद फेरीबाहेर राहिला.

माझं मत आता चेसच्या बाजूने आहे, पण ते बेंगल्सपुरतं. तुमच्या संघाचा क्वार्टरबॅक ठरलेला असेल, त्याला लांबचा चेंडू टाकायची धमक असेल आणि या पोराबरोबर त्याची जोडी आधीच जमलेली असेल, तर रिसीव्हर घेतला म्हणून कपाळाला हात लावू नका. क्वार्टरबॅकचाच पत्ता नसेल किंवा रिसीव्हरची निवड नुसत्या वेगावर होत असेल, तर टॅकलच हवा. आणि दोन पोरं तुम्हाला सारखीच वाटत असतील तरीही टॅकलच, कारण दुसरा रिसीव्हर खालच्या फेऱ्यांत शोधता येतो.

पहिल्या फेरीच्या गुरुवारी रात्री मात्र निकाल देऊ नका, शुक्रवार पाहा. बेंगल्सची चूक तिथे झाली. दुसऱ्या फेरीत ते ३८ वरून ४६ वर खाली सरकले आणि फळीसाठी जॅक्सन कार्मनला घेतलं. तो कधी पक्का जमला नाही. सतरा क्रमांकांनंतर, ६३ व्या जागी, कॅन्सस सिटीने क्रीड हम्फ्री नावाचा सेंटर उचलला, म्हणजे बरोबर त्या मधल्या भिंतीचा माणूस. जानेवारी २०२३ मध्ये बेंगल्स पुन्हा सुपर बोलच्या उंबरठ्यावर पोचले तेव्हा त्यांच्या फळीतले तीन जण जायबंदी होते. कॅन्सस सिटीने त्यांना २३-२० ने हरवलं. त्यांच्या फळीच्या मधोमध हम्फ्री उभा होता.