पंख्याचा आवाज कमी करायचाय: वेग उतरवावा, पंखा बदलावा की तापमानावर सोडावा?

उपकरण थंड ठेवणारा आतला पंखा फार आवाज करत असेल, तर आधी उपकरणाच्या कव्हरवर तळहात दाबून पाहा. आवाज लगेच बदलला, तर दोष पंख्याच्या वेगाचा नाही, पत्र्याच्या थरथरीचा आहे. रबरी पिना लावा, साचलेली धूळ काढा. अनेकदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं, तर तीन वाटा उरतात.

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे १२ व्होल्टचा पंखा ७ व्होल्टवर चालवणं. वेग निम्मा झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, कानाला हा मोठा फरक वाटतो. पण हवाही निम्मीच वाहते. बाहेर पडणारी हवा आधी खोलीपेक्षा १० अंश गरम असेल, तर आता जवळपास २० अंश. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचं) आयुष्य दर १० अंशांमागे ढोबळमानाने निम्मं होतं, हे विसरू नका. शिवाय फिरता पंखा कमी व्होल्टेजवर फिरत राहतो, पण बंद करून परत चालू केला की उठेलच असं नाही. ते पुन्हा पुन्हा तपासा.

जागा असेल तर मोठा पंखा बसवावा, असं माझं स्पष्ट मत. ८० मिलिमीटरच्या जागी १२० चा घेतला की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. तेवढीच हवा संथ वेगात मिळते. त्याच मापाचा 'सायलेंट' पंखा घेताना मात्र सावध राहा. पुष्कळदा तो नुसता कमी वेगाचा असतो, म्हणजे पहिलीच वाट, जास्त पैसे मोजून. डब्यावरचे डेसिबल बघण्याआधी हवेचा प्रवाह आणि दाब बघा. चपट्या, दाटीवाटीच्या उपकरणात दाबच कामाला येतो.

भार सतत कमीजास्त होत असेल, तर थर्मिस्टरवर, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या छोट्या संवेदकावर, चालणारं नियंत्रण सर्वांत योग्य. थर्मिस्टर हीटसिंकला (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाला) चिकटवा, हवेत लोंबकळत ठेवू नका. त्याची तार तुटली तर पंखा पूर्ण वेगाने धावेल अशीच रचना हवी. वेग सावकाश बदलू द्या. सारखा चढउतार करणारा आवाज एकसुरी आवाजापेक्षा जास्त छळतो.

कोणतीही वाट धरा, तपासणी झाकण लावूनच करा. झाकण उघडलं की हवेचा मार्ग बदलतो आणि आकडे फसवतात. पूर्ण भारावर तापमान स्थिरावेपर्यंत थांबा. खोली आज २२ अंशांवर असेल आणि उन्हाळ्यात ३८ वर जाणार असेल, तर आलेल्या आकड्यात १६ मिळवा. ती बेरीज उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत बसली नाही, तर पंख्याचा वेग थोडा वाढवा.